पाईपाला पोट सुटलं होतं : लातुरातल्या एका प्लंबर मामांचा रिव्ह्यू

आधीच सांगते, मामांचं नाव आणि नंबर इथं टाकणार नाही, उगं कमेंटमधे मागू नका. त्यांनीच सांगितलंय, "ताई, लिहायचं ते लिहा पण नंबर नका देऊ, आत्ताच फोन उचलून उचलून कान गरम व्हायलेत." मग रिव्ह्यू कशाला लिहायली तर तीन ठिकाणी पैसे घालून चौथ्याकडं जे कळलं ते दुसऱ्या कोणाचे पैसे वाचवील म्हणून.

घराची माहिती लागेल थोडी. आमचं घर लातुरात, 1994 चं बांधकाम. किल्लारीचा भूकंप झाला 30 सप्टेंबर 1993 ला, त्याच्या पुढच्या वर्षी सासऱ्यांनी बांधलं, त्यामुळं कॉलम बीम असे की रणगाडा उभा करा, पण सगळं लक्ष तिकडंच, जमिनीखालचे पाईप मात्र त्या वेळचे, नळाला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) आणि सांडपाण्याला चिनी मातीचे. खाली आम्ही राहतो. वर दोन खोल्या आणि एक बाथरूम, तिथं सहा पोरी, क्लासवाल्या. लातूर पॅटर्नवर, म्हणजे क्लाससाठी बाहेरगावाहून येणाऱ्या पोरांवर, अर्ध्या गावाचं घर चालतं तसं आमचं पण थोडं चालतं. सहा पोरी म्हणजे सहा वेण्या आणि सहा जणींचे केस, हे ज्यांच्याकडं मुलींच्या रूम आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

त्रास असा होता. सकाळी साडेपाचला वर अंघोळी सुरू झाल्या की आमच्या खालच्या बाथरूमच्या जाळीतून फेस वर यायचा. आधी फेस, मग काळं पाणी, मग केसांचा गोळा, आणि आत्याबाई नेमक्या त्याच वेळी अंघोळीला जाणार. शिवाय स्वयंपाकघरात वास. सिंकमधून गुडगुड आवाज यायचा, पाण्यात कोणी मडकं बुडवल्यासारखा, आणि त्यानंतर अर्धा तास असा वास की फोडणीचा वास पण हरायचा. मी म्हणायची लाईन तुंबली. हे म्हणायचे तू सिंकमधे भात सांडतेस.

पहिला माणूस नाक्यावरचा. आला, बघितलं पण नाही नीट, म्हणला काकू ऍसिड टाकतो, साफ होतं बघा. दोन बाटल्या ओतल्या, 350 रुपये घेतले. चार दिवस खरंच पाणी गेलं. पण आमच्या बाथरूमला शहाबादी फरशी, आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर ऍसिड सांडलं की लिंबूसोड्यासारखं फसफसतं आणि फरशी खाल्ली जाते. आता जाळीभोवती वीतभर पांढरा खरबरीत डाग आहे तो आयुष्यभराचा. आणि एक, ज्यांच्या घरी ब्लीचिंग पावडर टाकायची सवय आहे त्यांनी त्यावर ऍसिड कधी म्हणजे कधी ओतू नका, क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममधे जीवावर बेतू शकतं. तो कॉस्टिकचा पांढरा चुरा मिळतो दुकानात तो पण जपून, पाणी साचलेलं असेल तर तो खाली बसून दगडासारखा होतो आणि मग पुढचा माणूस पाईपात हात घालतो त्याची कातडी जाते. हे मामांनी नंतर सांगितलं, त्यांच्या मनगटावर डाग आहे.

मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या तुमचा सेफ्टी टँक भरला असेल. (बरोबर शब्द सेप्टिक हे मला माहिताय, पण आमच्याकडं सगळे सेफ्टीच म्हणतात.) दोन-तीन वर्षांनी उपसायचा असतो, आमचा पाच वर्षं झाली होती, पटलं. एकाला फोन केला तर म्हणतो गाडी नाही आज, पण पोरगं आत उतरून गाळ काढतं, पाचशे जास्त द्या. मी फोन ठेवला. 2013 चा कायदा आहे, साधनं न देता माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा राहू द्या बाजूला, त्या टाकीतल्या गॅसनं माणसं आत गेली की परत येत नाहीत हे दर थोड्या दिवसांनी पेपरात वाचतोच की आपण. तर दुसरी गाडीवाली मंडळी शोधली, पाईप टाकून ओढून नेलं, 2,200 रुपये. टाकी रिकामी. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला जाळीतून फेस.

तिसरी एक फोनवरून बुक करायची कंपनी, नाव घेत नाही. दोन पोरं आली, युनिफॉर्म, बुटावर प्लास्टिक, बोलणं एकदम गोड, मॅडम मॅडम. स्प्रिंगची मशीन घातली जाळीतून, घर्र घर्र केलं आणि केसांचा असा दोर ओढून काढला की वरच्या पोरी बघून किंचाळल्या. फोटो काढला, सही घेतली, 2,650 रुपये, तीस दिवसांची गॅरंटी. चौतिसाव्या दिवशी फेस. हसू नका, खरंच चौतिसाव्या. परत बोलावलं तर वेगळीच पोरं आली आणि म्हणाली पूर्ण लाईन बदलावी लागेल, बाथरूमची फरशी फोडून, एस्टिमेट 38,000. पोरांना दोष देत नाही मी, त्यांच्या मोबाईलवर "चोकअप, नग 1" एवढंच लिहून आलेलं असतं, नग 1 काढला की ते मोकळे.

आता मामा.

बोलावलं सोमवारी, आले बुधवारी. हा पहिला तारा इथंच कापला मी. तंबाखू खातात, हा अर्धा. सोबत एक पोरगं, भाचा असावा. आल्यावर मी नेहमीसारखी बाथरूमकडं घेऊन चालले तर म्हणले राहू द्या ताई, आधी चहा टाका. मनात म्हणलं झालं, हे पण तसलंच. पण चहा पिता पिता त्यांनी जे विचारलं ते आधीच्या तिघांनी विचारलं नव्हतं. पाणी कधी वर यायलंय? वरच्या अंघोळ करतात तेव्हाच का तुम्ही करता तेव्हा पण? पावसाळ्यात जास्त का उन्हाळ्यात? वास आधी सुरू झाला का तुंबणं आधी? अंगणात काय काम काढलं होतं का? आणि शेवटी, हे पाणी जातं कुठं?

जातं कुठं म्हणजे? सेफ्टी टँकमधे. मी म्हणले.

मामा हसले. म्हणले, "संडासचं जातं टाकीत. अंघोळीचं, भांड्याचं कोण सोडतंय तिकडं, टाकी चार दिसात भरंल की. ते पुढं गटारीला असतंय." म्हणजे ते 2,200 रुपये मी ज्या टाकीवर घातले तिचा ह्या फेसाशी काही संबंधच नव्हता! तीस वर्षं झाली घराला आणि आपलं पाणी कुठं जातं हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडं नीळ मागितली. कपड्याची नीळ, पांढऱ्या शर्टाला घालतो ती. अर्धी बाटली एका बादलीत घातली, पोरग्याला वर पाठवलं, म्हणले ओत सगळी एकदम. आणि स्वतः अंगणात चेंबरची झाकणं काढून बसले. आमच्या अंगणात चेंबर तीन आहेत हे पण मला तेव्हा कळलं, एकावर तर मी तुळस ठेवली होती. पहिल्या चेंबरमधे निळं पाणी लगेच आलं. दुसऱ्यात आलं. तिसऱ्यात, गेटजवळच्या, येईचना. थांबलो, थांबलो, मामांनी तंबाखू मळली, लावली, तेव्हा कुठं जरा जरा निळसर दोरा आल्यासारखा. आणि दुसरं चेंबर तोपर्यंत अर्ध्याच्या वर भरलं. "हे बघा ताई, दोन आणि तीनच्या मधी पाईपाला पोट सुटलंय."

पोट म्हणजे काय तर पाईप मधेच खाली दबलेला. उतार पाहिजे तिथं खड्डा. त्यात कायम पाणी साचून राहतं, साबणाचा साय तिथं बसतो, त्यात केस अडकतात, आणि आमच्या बोअरचं पाणी एवढं जड की साबण धड फेसाळत नाही, त्याचा नुसता चिकट पांढरा थर होतो, तो सिमेंटासारखा केसांना धरून ठेवतो. स्प्रिंग मारली की मधून भोक पडतं, पाणी जातं, महिनाभरात भोक बुजतं. मग मागचं पाणी चढत चढत सगळ्यात खालचं तोंड शोधतं, ते म्हणजे आमच्या बाथरूमची जाळी. वरच्यांना त्रास नाही, आम्हाला आहे, ते एवढ्यासाठी. बाथरूममधे दोष काहीच नव्हता, आणि 38,000 बाथरूम फोडायला मागत होते.

पोट सुटलं कशानं तर, दोन दिवाळीआधी आम्ही अंगणात पेवर ब्लॉक बसवले, तेव्हा मुरमाचा ट्रॅक्टर नेमका त्याच जागेवर आत आला होता. आणि खाली आपली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि चिनी मातीचे पाईप म्हणजे दोन-दोन फुटाचे तुकडे सिमेंटनं जोडलेले, एक सांधा सुटला की संपलं. मामा म्हणले लातुरात निम्म्या तक्रारी मातीच्या असतात, पाईपाच्या नसतातच, पाईप टाकताना खाली वाळू-मुरमाची गादी केली नाही की माती त्याला झुलवते.

पण वासाचं काय? मी विचारलं. तेव्हा मामा गच्चीवर गेले. मी मागं. हे पण मागं, त्या दिवशी घरीच होते. गच्चीच्या कोपऱ्यात एक पाईप वर आलेला आहे कंबरेएवढा, तो कशाला आहे ते मला कधी माहीत नव्हतं. त्याच्या तोंडाला खताची प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वरून सुतळीनं आवळून बांधलेली.

मामांनी विचारलं हे कोणी बांधलं. कोणीच बोलेना. मी ह्यांच्याकडं बघितलं तर हे टाकीकडं बघायलेत.

झालं असं होतं की मागच्या उन्हाळ्यात मेच्या महिन्यात हे गच्चीवर झोपायचे, त्या पाईपातून वास यायचा, म्हणून ह्यांनी त्याचं तोंडच बांधलं. आणि वर्षभर मला सिंकमधे भात सांडतेस म्हणून ऐकवलं! तो पाईप म्हणजे लाईनचं नाक आहे. वरून एकदम दोन बादल्या पाणी खाली सुटलं की पाईपातली हवा ओढली जाते, वरचं नाक उघडं असलं तर हवा तिथून येते. नाक बांधलं तर ती हवा सिंकच्या खालच्या ट्रॅपमधून ओढली जाते, तीच गुडगुड. प्रत्येक ट्रॅपमधे दोन इंच पाणी अडून राहिलेलं असतं, वास अडवायला तेवढंच असतं घरात, दुसरं काही नाही. ते दोन इंच ओढलं गेलं की गटार आणि तुमची फोडणी ह्यांच्यामधे पडदाच राहत नाही. म्हणजे आजार दोन होते आणि आम्ही एक समजत होतो, तुंबणं अंगणातलं आणि वास गच्चीवरचा.

काम दीड दिवसाचं निघालं. पेवर उचलले, मधला नऊ फूट तुकडा खोदला, जुने मातीचे तुकडे काढले, एकात एवढा गाळ की नळी आहे का भरलेलं वांगं कळेना. खाली मुरूम आणि वाळू ठोकून घेतली आणि 110 एमएमचा पीव्हीसी टाकला. उतार बघायला मशीन वगैरे नाही, पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी बघतात ना तसं लेव्हल, नऊ फुटाला अडीच-पावणेतीन इंच. तीन वेळा उचलून परत बसवला मामांनी, पोरग्याला शिव्या घालत. मी म्हणले अर्ध्या इंचानं काय होतंय, तर म्हणले अर्ध्या इंचानंच होतंय. गच्चीवरचा पाईप सहा फूट उंच करून जाळीची टोपी घातली, आता झोपणाऱ्याच्या नाकावरून वास निघून जातो. सगळं मिळून 5,900. सामान, मजुरी, पेवर परत बसवणं धरून. आधीच्या तीन ठिकाणी मिळून 5,200 गेले होते ते वेगळे.

आणि जाता जाता केलेली छोटी कामं. सिंकचा नळ गळायला होता, मी नवीन आणायला सांगत होते, मामांनी दहा रुपयाचं वायसर बदललं आणि म्हणले नळ चांगलाय, कशाला फेकताय. (त्या नळाखाली मी एकदा बादली ठेवली होती, वीस लिटरची, दिवस-रात्रीत भरली. थेंब थेंब म्हणून सोडून देतो आपण.) पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसतं, तिथं पण वास होता, तिथं काहीच दुरुस्त केलं नाही, दोन तांबे पाणी ओतलं फक्त. ट्रॅपमधलं पाणी आमच्या उन्हाळ्यात वाळून जातं. गावाला जाताना जाळीत पाणी ओतून वर चमचाभर गोडतेल सोडा म्हणले, वाळत नाही लवकर. वरचा फ्लश रात्रंदिवस झिरपतोय का ते पण निळीनंच बघितलं, टाकीत थोडी घातली आणि अर्धा तास कोणी वापरू नका म्हणून सांगितलं, भांड्यात निळं उतरलं म्हणजे आतलं रबर गेलंय. गेलंच होतं. पोरींनी आता त्या बाथरूमला निळा महाल नाव ठेवलंय.

गरम पाण्याचा जीआय पाईप मात्र बदलावा लागेल म्हणले पुढंमागं. कापलेला एक तुकडा दाखवला, अर्ध्या इंची पाईप आणि आत क्षार आणि गंज बसून करंगळी जाईना. सोलरचं पाणी बारीक का येतं म्हणून मी सोलरवाल्याशी दोन वर्षं भांडत होते, त्याला सॉरी म्हणायला पाहिजे. अजून म्हणले नाही.

मामा बोलतात लै. खड्ड्यात बसून 2016 ची गोष्ट सांगत होते, दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते साल, पहिली गाडी दहा वॅगनची, पाच लाख लिटर. टाक्यांपाशी जमावबंदी लागलेली. "त्या साली ताई एका थेंबासाठी माणसं रात्री अकराला फोन करायची, नळ गळायलाय लवकर या. मांजरा धरण भरलं की झालं, आता महिना महिना गळू देतेत." नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते लातूरकरांना सांगायची गरज नाही, पण मामांचं एक ऐका, नळ आला की पहिली पाच-दहा मिनिटं पाणी हौदात घेऊ नका. लाईन इतके दिवस रिकामी असते, कुठं गटारीजवळ फुटलेली असेल तर बाहेरचं घाण आत ओढलं जातं, ते पहिल्या पाण्यासोबत येतं. झाडांना घाला ते.

वाईट काय ते पण लिहिते, नाहीतर म्हणाल नात्यातले आहेत. वेळेचा भरवसा नाही. फोन तिसऱ्यांदा केला की उचलतात. बिल नाही, गॅरंटीचा कागद नाही, हिशोब चेंबरच्या झाकणावर खडूनं लिहितात, मी फोटो काढून ठेवला. फोनपे नको, रोख द्या. बोलताना तंबाखू. आणि काम झाल्यावर झाडलोट हा विषय त्यांच्या पुस्तकातच नाही, अंगण मी आणि कामवाल्या मावशींनी धुतलं. कंपनीच्या पोरांनी मात्र जाताना फरशी पुसली होती, खरं ते खरं. पाचपैकी साडेतीन तारे होतात माझ्या हिशोबानं, पण त्या चहाच्या वेळच्या प्रश्नांसाठी अर्धा परत देते. चार.

फेब्रुवारीत काम झालं, आता पाच महिने झाले. जुन्या पोरी परीक्षा देऊन गेल्या, जूनमधे नवीन सहा आल्या, ह्यांचे केस अजून लांब आहेत. वरच्या जाळीवर मामांनी बारीक स्टीलची जाळी बसवून दिलीय, ती रोज कोणी साफ करायची त्याचं वेळापत्रक पोरींनी भिंतीवर लावलंय, शुक्रवारवाली कायम विसरते. मोठे दोन पाऊस होऊन गेले, फेस नाही, गुडगुड नाही. आत्याबाई सकाळी साडेपाचला बिनधास्त अंघोळीला जातात. हे गच्चीवर झोपले ह्या उन्हाळ्यात, पाईपाकडं पाठ करून.

फक्त त्या काढलेल्या चिनी मातीच्या पाईपांचा आणि फुटक्या पेवरचा ढीग गेटपाशी अजून तसाच पडलाय. फोन केला की "उद्या येतो ताई, टमटम घेऊन." कोणाला कुंडीच्या तळाला घालायला खापऱ्या पाहिजे असतील तर घेऊन जा, फुकट आहेत.